जास्वंदीवरचा ‘पांढरा कापूस’ फवारणी करूनही परत का येतो?

गणपतीला रोज फूल देणारी जास्वंद अचानक रुसते. कळ्या गळतात, शेंडे आकसतात आणि पानांच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखा दिसतो. ही बुरशी नाही. हा मिलीबग, म्हणजेच पिठ्या ढेकूण. जास्वंद, कापूस आणि भेंडी एकाच कुळातली आहेत. त्यामुळे कपाशीवरचा मिलीबग जास्वंदीवरही मजेत राहतो.

एका फवारणीत का मरत नाही?

मिलीबगच्या अंगावर मेणाचं पांढरं आवरण असतं. त्यावरून पाणी आणि औषध घरंगळून जातं. शिवाय अनेक जातींच्या माद्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालतात. वरचे किडे मेले तरी अंडी वाचतात आणि काही दिवसांत नवी पिल्लं बाहेर पडतात. म्हणून एकदाच जोरदार औषध मारण्यापेक्षा साधा उपाय पुन्हा पुन्हा करणं जास्त उपयोगी पडतं.

मुंग्यांचा काय संबंध?

मिलीबग झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो. तो खायला मुंग्या येतात. त्या बदल्यात मिलीबगला खाणाऱ्या किड्यांना त्या हुसकावतात. याच चिकट थरावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी वाढते. त्यामुळे मुंग्यांची वाट अडवल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

काय करायचं?

1. कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवा. फार किडलेले शेंडे छाटा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. जास्वंदीला नव्या फांद्यांवरच फुलं येतात, त्यामुळे छाटायला घाबरू नका.
2. पाण्याच्या जोरदार धारेने पानांची मागची बाजू आणि बेचके धुवा. उरलेले किडे जुन्या टूथब्रशने काढा.
3. एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून नीट हलवा. साबणामुळे तेल पाण्यात मिसळतं. आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा. पानं करपली नाहीत तर संध्याकाळी पूर्ण झाडावर फवारा. भर उन्हात फवारल्यास पानं भाजतात.
4. दर सात दिवसांनी, असं तीन-चार वेळा करा.
5. कुंडीच्या बाहेरून व्हॅसलीनचा जाड पट्टा ओढा आणि भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेल्या फांद्या मोकळ्या करा. मुंग्यांसाठी कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवू नका. त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

तुळस आणि कढीपत्ता असेल तर?

इथे चूक महागात पडते. शेतीची काही कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती झाडाच्या रसात मिसळून पानापानांत पोहोचतात. असं पान कितीही धुतलं तरी आतलं विष जात नाही, आणि तेच पान चहात किंवा फोडणीत पडतं. डास-झुरळं मारायचा स्प्रेही झाडांसाठी नसतो. खाण्याच्या झाडांवर धार, ब्रश आणि छाटणी यांवरच भर द्या. कडुनिंबाचं तेल वापरलंच, तर फवारलेली पानं काही दिवस तोडू नका आणि नंतरही नीट धुऊनच वापरा.

हा पांढरा किडा मारू नका

मिलीबगच्या घोळक्यात एखादा मोठा, झिपरा, भराभर चालणारा पांढरा किडा दिसला, तर तो बहुधा एका लेडीबर्ड भुंग्याची अळी असते. मिलीबग हेच तिचं खाणं. हा भुंगा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आज फळबागांमध्येही सोडला जातो. तो दिसला तर फवारणी थांबवा आणि फक्त मुंग्या अडवा.

नर्सरीतून आणलेलं नवं रोप दोन आठवडे वेगळं ठेवा. आठवड्यातून एकदा पानं उलटून पाहिलीत, तर दोन-चार किडे असतानाच ते बोटाने काढता येतील.