हिरे दडलेलं गाव

दक्षिण जर्मनीत नॉर्डलिंगन नावाचं एक जुनं गाव आहे. तिथे गेलात ना, तर आधी तटावर चढायचं. साधारण 2.7 किलोमीटरचा हा तट अजून अख्खा उभा आहे आणि त्याच्यावरून चालत गावाला पूर्ण फेरी मारता येते. खाली उतरत्या लाल छपरांची घरं, अधूनमधून वेशीचे बुरूज. पण मला विचाराल तर खरी गंमत गावाच्या मध्यभागी आहे, सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्यात. नव्वद मीटर उंचीच्या या मनोऱ्याला गावकरी लाडानं ‘डॅनिएल’ म्हणतात.

साडेतीनशे पायऱ्या चढून वर पोचलं की दोन वर्तुळं दिसतात. एक जवळचं, तटाचं. ते माणसांनी बांधलं. दुसरं पार क्षितिजाजवळ, बुटक्या टेकड्यांचं. ते कुणी केलं असेल?

ते केलं आकाशातून आलेल्या एका प्रचंड दगडानं! सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ एक किलोमीटर रुंदीचा लघुग्रह इथे आदळला आणि चोवीसेक किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर दोन किलोमीटरही रुंद नाही, म्हणजे बघा! वितळलेल्या मातीचे थेंब उडाले ते थेट आजच्या चेक प्रजासत्ताकात पडले. हिरव्या काचेसारखे ते खडे तिथे अजूनही सापडतात.

आता खाली उतरा आणि मनोऱ्याच्या भिंतीला हात लावा. करडा, खडबडीत दगड लागेल. त्याचं नाव सुएव्हाइट. त्या धडकेत फुटलेले, वितळलेले खडक एकमेकांत मिसळले आणि त्यांचा हा दगड झाला. जमिनीतल्या खडकांत ग्रॅफाइट होतं, तुमच्या पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. धडकेचा दाब इतका भयंकर होता की क्षणात त्याचे हिरे झाले! म्हणजे या भिंतीत हिरे आहेत. पण कोरून काढायचा विचार सोडा बरं का. ते 0.2 मिलिमीटरहूनही लहान आहेत, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचे नाहीत.

पंधराव्या शतकात चर्च बांधायला घेणाऱ्या गवंड्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढे कितीतरी काळ लोकांना वाटायचं, इथे ज्वालामुखी होता. 1960 मध्ये यूजीन शूमेकर हे अमेरिकन भूवैज्ञानिक इथे आले. त्यांनी गोळा केलेल्या दगडांत कोएसाइट सापडलं. हे खनिज तयार व्हायला इतका जबरदस्त दाब लागतो की तो जमिनीच्या वरच्या थरात ज्वालामुखीमुळे मिळूच शकत नाही. कोडं सुटलं!

मग 1970 मध्ये अॅलन शेपर्ड आणि एडगर मिशेल हे अंतराळवीर इथे शिकायला आले. चंद्र अशाच विवरांनी भरलेला; तिथले कुठले दगड उचलून आणायचे, हे आधी कळायला नको? पुढच्याच वर्षी अपोलो 14 मधून दोघं चंद्रावर उतरले. गावातल्या विवर-संग्रहालयात चंद्रावरचा एक खराखुरा दगड ठेवलाय. अपोलो 16 च्या अंतराळवीरांनी आणलेला. तो पाहिल्याशिवाय गाव सोडू नका!