गोष्ट वाचता येते का?

शिक्षणातलं संशोधन विद्यापीठातच होतं असं नाही. ते घराच्या ओसरीवरही होतं. ‘प्रथम’ या संस्थेने २००५मध्ये सुरू केलेली ‘असर’ पाहणी पाहा. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं निवडतात. ५ ते १६ वर्षांच्या मुलांपुढे एक कागद ठेवतात: अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. मूल जिथवर सहज वाचेल, ती त्याची पातळी.

चाचणी घरीच का? शाळेत न आलेलं मूलही मोजलं जावं म्हणून. गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावांना हे विशेष लागू पडतं. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे घरची पोरंही जातात आणि शाळा चुकते. पटावर नाव असणं आणि वाचता येणं यांतलं अंतर आधी दिसायला हवं. तरच ते मिटवता येईल.