साडेसहा इंच म्हणजे नेमके किती?

स्मार्टफोनचा पडदा मोठा असावा की लहान, ही चर्चा बहुधा इंचांच्या एका आकड्याभोवती फिरते आणि या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळही त्या आकड्यातच आहे. खोक्यावर छापलेला ६.५ किंवा ६.७ हा आकडा पडद्याची रुंदी सांगत नाही, उंची सांगत नाही आणि क्षेत्रफळही सांगत नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे आयताचा कर्ण, एवढेच तो सांगतो. कर्ण सारखा असलेले दोन आयत आकाराने अगदी वेगळे असू शकतात, हे शाळेच्या भूमितीत शिकलेले सत्य दुकानात गेल्यावर आठवत नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात फोन ही करमणुकीइतकीच कामाचीही वस्तू झाली आहे. पिकाची नोंद, सातबारा, अनुदानाचा संदेश, अंगणवाडीतील बालकांच्या वजनाची नोंद, दूध आणि खव्याचा हिशेब ही सगळी कामे हातातल्या त्याच पडद्यावर होतात. म्हणून हा प्रश्न येथे हौसेचा न राहता सोयीचा आणि खर्चाचा होतो.

पहिला आणि सर्वांत रुजलेला समज असा, की इंच वाढले म्हणजे पडदा सर्व बाजूंनी वाढला. साधारण दहा वर्षांपूर्वीच्या फोनमध्ये पडद्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण बहुधा १६:९ असे, तर आजच्या बहुसंख्य फोनमध्ये ते २०:९ किंवा त्याच्या आसपास आहे, म्हणजे पडदा अधिक उभट झाला आहे. या दोन प्रमाणांवरून गणित मांडले, तर जुन्या ५.५ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६८.५ मिलिमीटर भरते आणि नव्या ६.५ इंची पडद्याची सुमारे ६७.७ मिलिमीटर; एक इंच वाढूनही रुंदी किंचित घटलीच आहे आणि जी वाढ झाली ती सगळी उंचीत गेली आहे. चित्रफितींची गोष्ट तर याहून गमतीची आहे. १६:९ प्रमाणात चित्रित केलेली फीत २०:९ च्या पडद्यावर आडवी पाहिली, की दोन्ही टोकांना काळे पट्टे राहतात आणि प्रत्यक्ष चित्राचा कर्ण सुमारे ५.४ इंचच उरतो, म्हणजे कीर्तनाची किंवा नाटकाची तशी फीत जुन्या ५.५ इंची फोनवर दिसे त्याहून ती नव्या ‘मोठ्या’ फोनवर तसूभर लहान दिसते. पडद्याच्या आकड्यावरून फोनच्या अंगाचा अंदाज बांधणेही असेच फसवे ठरते. आयफोन ८ प्लसचा पडदा ५.५ इंचांचा आणि त्याचे अंग ७८.१ मिलिमीटर रुंद होते. दोन वर्षांनी आलेल्या आयफोन ११ प्रोचा पडदा ५.८ इंचांचा असूनही भोवतीची रिकामी किनार जवळजवळ नाहीशी झाल्यामुळे त्याची रुंदी ७१.४ मिलिमीटरवर आली.

दुसरा समज वाचनाविषयीचा आहे: मोठा पडदा घेतला की मराठी मजकूर आपोआप सोपा वाचता येतो. यात तथ्याचा अंश आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. देवनागरी अक्षर तीन थरांत बसते. शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मधल्या थरात अक्षराचा देह आणि खालच्या थरात उकार, ऋकार व हलन्त. ‘सर्वांगीण’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच ‘वा’च्या डोक्यावर बसतात आणि अक्षर बारीक असले तर दोहोंचा मिळून एकच ठिपका दिसतो. रोमन अक्षर ज्या मापात सहज वाचता येते, त्याच मापातले देवनागरी अक्षर म्हणूनच डोळ्यांना अपुरे पडते आणि देवनागरीच्या ओळींमधले अंतरही जास्त ठेवावे लागते. उंच पडद्याचा खरा फायदा इथे होतो, कारण अक्षर मोठे करूनही पुरेशा ओळी एका वेळी दिसतात. मात्र अक्षर मोठे होते ते फोनच्या सेटिंगमध्ये त्याचे माप वाढवल्यावर, निव्वळ महाग फोन घेतल्यावर नव्हे. बारीक अक्षरांना वैतागून फोन बदलणाऱ्या अनेकांच्या जुन्या फोनमध्ये हे माप कधी वाढवलेलेच नसते.

ए-फोर आकाराच्या कागदासाठी मांडलेला मजकूर, उदाहरणार्थ शासन निर्णयाची पीडीएफ फाइल, हे याचे चांगले उदाहरण ठरते. हा कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि उभ्या धरलेल्या ६.५ इंची पडद्यावर त्याची रुंदी जेमतेम एक तृतीयांश उरते, त्यामुळे १२ पॉइंटचे अक्षर सुमारे ४ पॉइंटचे होते. पॉइंट हे छपाईतील अक्षराचे माप असून एक इंच म्हणजे ७२ पॉइंट. अशा अक्षरात ५ आणि ६ किंवा १ आणि ९ यांची गल्लत होणे अगदी शक्य असते, आणि ती गट क्रमांकात किंवा क्षेत्राच्या आकड्यात झाली तर निस्तरताना तलाठी कार्यालयाचे हेलपाटे पडतात. यावर उपाय म्हणून ६.८ इंची फोन घेतला, तर रुंदीत सुमारे ३ मिलिमीटरची भर पडते, तोच ६.५ इंची फोन आडवा केला, तर रुंदी सुमारे १५० मिलिमीटर होऊन अक्षर दुपटीहून मोठे दिसते. एवढे साधे काम पुष्कळांना सुचत नाही, कारण पडदा आपोआप फिरू नये म्हणून ती सोय पूर्वीच कधीतरी बंद करून ठेवलेली असते.

मोठा पडदा म्हणजे सुस्पष्ट पडदा, हा समज वरील समजाचाच भाऊबंद आहे. चित्र पिक्सेल नावाच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते आणि स्पष्टता एका इंचात किती ठिपके बसतात यावर ठरते. ७२० गुणिले १६०० ठिपक्यांच्या ६.५ इंची पडद्यात इंचामागे सुमारे २७० ठिपके येतात, तर १०८० गुणिले २४०० ठिपक्यांच्या तेवढ्याच पडद्यात सुमारे ४०५. निरोगी दृष्टीच्या माणसाला ३० सेंटिमीटरवरून इंचामागे साधारण २९० पर्यंतचे ठिपके सुटे ओळखता येतात, म्हणून पहिल्या पडद्यावर जोडाक्षरांच्या कडा किंचित खरखरीत वाटू शकतात आणि दुसऱ्यावर त्या गुळगुळीत दिसतात. ठिपके तेवढेच ठेवून पडदा ताणला, तर स्पष्टता उलट घटते. स्वस्त फोनच्या जाहिरातीत इंच ठळक आणि ठिपके बारीक टायपात का छापलेले असतात, हे यावरून समजते.

डोळ्यांच्या बाबतीत दोन परस्परविरोधी समज एकाच घरात नांदताना आढळतात: मोठ्या पडद्याचा ‘प्रकाश जास्त’ म्हणून तो घातक, आणि लहान पडद्याने डोळे ताणले जातात म्हणून तो घातक. पडद्याची प्रखरता निट या एककात मोजतात आणि हे एकक दर चौरस मीटर पृष्ठभागामागचे असते. त्यामुळे ५०० निटचा मोठा पडदा ५०० निटच्या लहान पडद्याहून प्रखर नसतो. डोळ्यांना शीण येतो तो मुख्यतः अंतरामुळे आणि पापण्या कमी वेळा लवल्यामुळे. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील भिंगाला फुगवणारा स्नायू आवळावा लागतो. ४० सेंटिमीटरवरील अक्षरासाठी हा भार २.५ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) असतो आणि २० सेंटिमीटरवर तो दुप्पट, म्हणजे ५ डायॉप्टर होतो. लहान अक्षर वाचणारा माणूस नकळत फोन जवळ ओढतो, म्हणून लहान पडद्याविषयीची तक्रार थोडी अधिक खरी आहे. चाळिशी लागलेल्याला मात्र तीही मुभा नसते, कारण त्याच्या भिंगाची लवचीकता कमी झालेली असते आणि तो फोन हातभर दूर धरतो. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याचे कायमचे नुकसान होते, या समजाला अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना पुरावा नाही असे म्हणते. तिची शिफारस दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर नजर टाकण्याची आहे. लहान मुलाच्या हाती लहान फोन दिला की भागले, असे मानणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी स्पष्ट आहेत: एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून अधिक नको. त्यात इंचांचा उल्लेखही नाही.

शेतात प्रश्न वेगळाच होतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि नोंद करायची असते, जी पुढे गाव नमुना बारामध्ये उतरते. खरिपात सोयाबीन, उडीद किंवा तुरीच्या रानात ढग सरकून ऊन पडले, की साध्या फोनचा पडदा काळवंडल्यासारखा होतो आणि ‘पडदा लहान पडला’ अशी तक्रार होते. वास्तविक तेथे उणीव असते ती प्रखरतेची: काचेवरून परावर्तित होणारे ऊन पडद्याच्या स्वतःच्या प्रकाशावर मात करते आणि काळ्या-पांढऱ्यातला फरकच पुसला जातो. अशा वेळी ६.८ इंची मंद पडदा ६.१ इंची प्रखर पडद्यापुढे निरुपयोगी ठरतो. नोंदीसाठी शेताचे स्थान निश्चित करणाऱ्या उपग्रह-संकेताचा तर पडद्याच्या आकाराशी काहीच संबंध नाही.

मोठा पडदा बॅटरी खातो, हे वाक्य अर्धेच खरे आहे. वर सांगितलेल्या ५.५ आणि ६.५ इंची पडद्यांच्या क्षेत्रफळात सुमारे २२ टक्क्यांचा फरक आहे आणि तेवढा जास्त पृष्ठभाग उजळवायला वीज लागतेच. परंतु मोठ्या अंगात बॅटरीही मोठी मावते आणि शेवटी जमाखर्च बहुधा मोठ्या फोनच्याच बाजूने झुकतो. अॅपलने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार ५.४ इंची आयफोन १३ मिनीवर चित्रफीत १७ तासांपर्यंत चालते, तर ६.७ इंची १३ प्रो मॅक्सवर २८ तासांपर्यंत. मोठ्या पडद्याला डेटा जास्त लागतो, हेही असेच. डेटा ठरतो तो निवडलेल्या चित्रफितीच्या दर्जावरून, आणि ४८० च्या दर्जाची फीत कोणत्याही पडद्यावर तेवढाच डेटा घेते.

लहान पडद्याची बाजू सर्वांत भक्कम आहे ती हाताच्या संदर्भात. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो आणि खव्याच्या भट्टीवर कढईतले दूध आटत असताना एका हाताला क्षणाची उसंत नसते, कारण ढवळणे थांबले की दूध तळाला लागते. फोन आला किंवा भाव विचारणारा संदेश आला, तर उरलेल्या एका हाताच्या अंगठ्यानेच काम भागवावे लागते. सुमारे १६० मिलिमीटर उंच आणि ७५ मिलिमीटर रुंद फोनच्या वरच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत बहुतेकांचा अंगठा पोचत नाही. पंजाची पकड सैल करून फोन सरकवावा लागतो आणि नेमक्या त्या क्षणी तो निसटतो. त्यातच हात ओला असेल, तर टच चुकतो, कारण आजचा पडदा बोटाच्या स्पर्शाने होणारा विद्युतभारातील सूक्ष्म बदल ओळखतो आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. पडलेल्या फोनचे फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्रित संच, बदलण्याचा खर्च स्वस्त फोनच्या किमतीच्या मानाने मोठा असतो. एका हाताने वापरण्यासाठी चित्र खाली ओढणारी सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोहोंत आहे. तिचा वापर मात्र फारच थोडे लोक करतात.

कंपन्यांनी लहान फोन मुद्दाम संपवले, हा आरोप इतिहासाशी जुळत नाही. २००७ चा पहिला आयफोन ३.५ इंचांचा होता, आणि २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंची गॅलक्सी नोट आणला तेव्हा त्याच्या आकाराची थट्टा झाली; गिऱ्हाईक मात्र त्याच वाटेने गेले. अॅपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंची मिनी फोन काढून पाहिले, विक्री बेताची झाली आणि पुढच्या वर्षी मिनी आलाच नाही. भारतात २०१७ मध्ये आलेल्या २.४ इंची, कळांच्या जिओफोनला मोठा खप मिळाला तो किमतीमुळे; आकाराची आवड हे त्यामागचे कारण नव्हते.

फोनची सगळी उपयुक्तता पडद्यात शोधणे किती चुकीचे, हे महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. पोषण ट्रॅकर या अॅपवर नोंदी करण्यासाठी शासनाने दिलेले फोन त्यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये मोठ्या संख्येने परत केले. तक्रार पडद्याच्या आकाराची नव्हती. फोनची २ जीबी रॅम, म्हणजे एका वेळी चालू असलेले काम धरून ठेवणारी स्मृती, अॅपला पुरत नव्हती, फोन तापून बंद पडत होते, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर येत होता आणि अॅप इंग्रजीत होते. बालकाचे वजन आणि उंची मराठीतून नोंदवता येणे ही त्यांची मागणी कितीही इंचांच्या पडद्याने पुरी होणारी नव्हती.