ताप : अंगातला आणि उन्हाचा

मराठीत 'ताप' हा शब्द दुहेरी आहे. उन्हाचाही ताप आणि अंगातलाही ताप. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये रोजच्या बोलण्यात ऊन म्हणजे 'बिसिलु' आणि अंगातला ताप म्हणजे 'ज्वर'. बीदर-कलबुर्गीच्या बाजारात तिसरा माणूस त्यालाच 'बुखार' म्हणेल. एरवी या दुहेरीपणाने काही बिघडत नाही. पण मे महिन्यात शेतावरून आलेल्या माणसाचे अंग भाजत असावे, आणि घरच्या मंडळींनी 'ताप चढला' म्हणून गोळी देऊन पांघरूण घालावे, असे झाले तर मात्र ते जिवावर बेतू शकते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम आकड्याचा विचार करू. निरोगी माणसाचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, हे आपण शाळेपासून पाठ केलेले असते. हा आकडा आला जर्मनीतून. लाइपझिग येथील डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून नोंदी केल्या आणि १८६८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी सांगितली. ३७ हा ढोबळ आकडा. त्याचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर करताच ९८.६ झाले, आणि दशांश चिन्हामुळे तो फार काटेकोर आहे असा भास निर्माण झाला. १९९२ साली अमेरिकेतील मेरीलँड येथे डॉ. मॅकोविआक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांचे तापमान जिभेखाली मोजले, तेव्हा सरासरी ९८.२ भरली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाच माणसाचे तापमान दिवसभर सारखे नसते. पहाटे ते सर्वांत कमी असते व दुपारनंतर चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त. या दोहोंत सुमारे एक अंशाचा फरक पडतो. व्यायामानंतर, जेवणानंतर, तसेच स्त्रियांत मासिक चक्राच्या उत्तरार्धात ते थोडे वाढते. काखेतील आकडा जिभेखालच्यापेक्षा थोडा कमी येतो. तेव्हा संध्याकाळी ९९ दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. सामान्यतः १००.४ अंश, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक असेल तर डॉक्टर त्याला ताप म्हणतात.

आता ताप म्हणजे नेमके काय? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. शरीराची उष्णता किती असावी हे तो ठरवितो. जंतू शरीरात शिरले की रक्तातील पेशी काही द्रव्ये सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि हायपोथॅलॅमस आपली पातळी वर नेतो. समजा, १०२ वर. शरीर अजून ९८ वरच असते. म्हणून आपल्याला थंडी वाजते, हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. हे सारे उष्णता वाढविण्याचे उपाय होत. पुढे पातळी खाली आली की दरदरून घाम सुटतो आणि आपण म्हणतो, ताप उतरला. पॅरासिटामॉलची गोळी हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणजे ठरविलेली पातळीच खाली आणते. तात्पर्य, ताप हा शरीराने स्वतः घेतलेला निर्णय आहे.

ऊन लागणे ही याच्या अगदी उलट गोष्ट. येथे हायपोथॅलॅमसची पातळी ९८ लाच असते. शरीर जिवाच्या आकांताने थंड होऊ पाहते आणि हरते. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ सेल्सिअस असते. हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते, आणि घाम सुकणे एवढी एकच वाट उरते. एक लिटर घाम सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. पण घाम यायला अंगात पाणी हवे. कलबुर्गीत पारा ४२ च्या वर जाणे नवे नाही. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये कलबुर्गी विभागातील सरकारी कचेऱ्यांची वेळ अनेक वर्षी सकाळी ८ ते दुपारी १.३० अशी केली गेली आहे. शेतमजूर व वीटभट्टीवरील कामगार यांना अशी सवलत कोण देणार?

अंग १०४ किंवा त्याहून जास्त तापलेले आणि त्याबरोबर बरळणे, झोकांड्या, झटके किंवा बेशुद्धी असेल, तर तो उष्माघात समजावा. मग घाम थांबलेला असो वा नसो. येथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण खाली आणावयाची पातळी मुळात वर गेलेलीच नसते. माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काख व जांघ येथे गार फडकी ठेवावीत आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

साध्या तापात एवढी घाई नसते. विश्रांती व भरपूर पाणी बहुधा पुरते. मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ ताप आला तरी तत्काळ डॉक्टर गाठावा. मान आखडणे, धाप, झटके, अंगावर पुरळ किंवा तीन दिवसांत न उतरणारा ताप हीही तशीच लक्षणे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असल्यास ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो.

आणि आकडा बरोबर म्हणजे माणूस ठीक, असेही नाही. भारतातील कोविडचा पहिला मृत्यू १० मार्च २०२० रोजी कलबुर्गीच्याच रहिवाशाचा झाला. परदेशातून परतताना विमानतळावरील तपासणीत त्यांच्यात लक्षणे आढळली नव्हती. रोग अंगात असून ताप यायचा राहिलेला असू शकतो. वृद्धांत तर गंभीर आजारातही पारा फारसा चढत नाही.

तेव्हा थर्मामीटर घरात अवश्य असावा, पण आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत. तो कोणत्या वेळी आणि कोठे मोजला? आणि शरीर स्वतःहून तापते आहे, की थंड होता न आल्यामुळे तापते आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उगाच वाटणारी भीती घालविते. दुसऱ्याचे उत्तर वेळेवर मिळाले तर जीव वाचतो.