मधला माणूस विश्वासाचा आहे ना?
प्रॉक्सी जोडणी नीट व सुरक्षित चालते की नाही, हे दुकानदाराने स्वतः कसे तपासावे

बाजारात अडत्याचे काम काय, हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगायला नको. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, आणि व्यवहार तिसऱ्याच्या हातून. खरेदीदार विक्रेत्याचे तोंड पाहत नाही. दोघेही अडत्याच्या शब्दावर चालतात. अडत्या प्रामाणिक असेल तर दोघांची सोय होते. तो चिठ्ठी फोडून वाचणारा असेल, किंवा एकाचा निरोप दुसऱ्याला भलताच सांगणारा असेल, तर दोघांचेही दिवाळे निघते.

इंटरनेटवर या अडत्याला प्रॉक्सी म्हणतात. तुमचा संगणक थेट बँकेच्या किंवा जीएसटीच्या संकेतस्थळाकडे जात नाही. तो आपली मागणी प्रॉक्सीकडे देतो, प्रॉक्सी ती पुढे नेतो आणि आलेले उत्तर तुमच्याकडे आणून देतो. समोरच्या संकेतस्थळाला पत्ता दिसतो तो प्रॉक्सीचा, तुमच्या संगणकाचा नव्हे. व्हीपीएन म्हणजे याचाच भाऊबंद, पण फरक ध्यानात ठेवावा. व्हीपीएन साधारणपणे संपूर्ण संगणकाची वाहतूक आपल्या बोगद्यातून नेतो. प्रॉक्सी मात्र ज्या प्रोग्रामला त्याचा पत्ता सांगितला आहे, तेवढ्याचेच काम पाहतो. निम्मे घोटाळे हा फरक न कळल्यामुळे होतात.

माटुंग्यासारख्या भागात ही गोष्ट आता फक्त व्हीजेटीआयच्या विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही. किंग्ज सर्कल, भाऊ दाजी रोड किंवा स्टेशनच्या बाजूच्या इमारतींत पाच-सात संगणकांचे कार्यालय म्हणजे हिशेबनीस, कर सल्लागार, वाहतूक दलाल, औषधांचे घाऊक विक्रेते. एकेका टेबलावर पन्नास-पन्नास गिऱ्हाइकांचे पॅन क्रमांक, पासवर्ड व बँकेचे तपशील असतात. ही दुसऱ्याची अमानत आहे. ती ज्या वाटेने बाहेर जाते, ती वाट पाहून ठेवणे हे मालकाचे काम होय. ते 'कॉम्प्युटरवाल्या मुला'वर सोडून भागत नाही.

जुनी सोय, जुना धोका

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा एक टेलिफोन लाइन आणि एक मोडेम हीच पुंजी असे. पुढे सायबर कॅफे निघाले. एकाच लाइनवर आठ-दहा संगणक चालवायचे तर मध्ये प्रॉक्सी लागे. त्या काळी न्यूझीलंडमध्ये तयार झालेला 'विनगेट' हा प्रोग्राम यासाठी जगभर वापरला गेला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या बसवताच चालू होत, पण बाहेरच्या माणसालाही आत घेत. परिणाम असा झाला की कुठल्यातरी दूरदेशीच्या भामट्याने दुसऱ्याच्या दुकानातील प्रॉक्सीतून पत्रांचा कचरा पाठवावा आणि नाव त्या दुकानाचे खराब व्हावे. 'चालते आहे' आणि 'सुरक्षित आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

हाच धडा पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेला ऑगस्ट २०१८ मध्ये फार महाग पडला. एटीएममध्ये कार्ड घातले की मागणी एका 'स्विच'कडे जाते, स्विच ती बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो आणि होकार आला तर पैसे बाहेर पडतात. चोरांनी या मार्गात आपला खोटा प्रॉक्सी स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला काही न विचारताच होकार देत राहिला. ११ ऑगस्ट या एका शनिवारी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी व भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. एटीएमच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी सर्व काही 'नीट चालू' होते. मागणी जात होती, उत्तर येत होते. उत्तर कोण देतो आहे, एवढेच कोणी पाहत नव्हते.

छोट्या कार्यालयात रकमा लहान असतात, पण प्रश्न हाच असतो. म्हणून पुढील तपासण्या आम्ही क्रमाने देत आहोत. यांना महागडे साहित्य लागत नाही. एक संगणक, एक मोबाइल आणि अर्धा तास पुरे.

पहिली तपासणी : वाहतूक खरेच प्रॉक्सीतून जाते का?

प्रॉक्सी बंद ठेवून 'माझा आयपी पत्ता' दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जावे व दिसलेला आकडा कागदावर लिहावा. मग प्रॉक्सी चालू करून पुन्हा पाहावे. प्रॉक्सी दुसऱ्या ठिकाणी असेल तर आकडा बदलला पाहिजे. बदलला नाही तर तुमचा ब्राउझर प्रॉक्सीला बगल देत आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रॉक्सी तुमच्याच कार्यालयात असेल आणि त्याच लाइनवरून बाहेर जात असेल, तर आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसेल. त्यात काही दोष नाही. अशा वेळी प्रॉक्सीची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहावी. तुम्ही आताच उघडलेल्या संकेतस्थळाचे नाव व वेळ तेथे आली असेल तर वाट बरोबर आहे.

ही तपासणी प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी करावी. ब्राउझर प्रॉक्सीतून जातो म्हणून हिशेबाचा प्रोग्राम किंवा ई-मेलही तसाच जातो, असे मानू नये. काही प्रोग्राम विंडोजमधील प्रॉक्सीची मांडणी पाळतात, काहींना वेगळी सांगावी लागते.

दुसरी तपासणी : प्रॉक्सी बंद पडला तर काय होते?

दुपारच्या सुट्टीत दोन मिनिटे प्रॉक्सी मुद्दाम बंद करावा आणि संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले नाही तर उत्तम. उघडले, तर समजावे की प्रॉक्सी नसताना संगणक गुपचूप थेट बाहेर जातो. कर्मचाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. काम चालू, म्हणून सर्व ठीक असे तो समजतो. उपाय असा की फायरवॉलमध्ये बाहेर जाण्याची मुभा फक्त प्रॉक्सीच्या यंत्राला द्यावी, इतरांना नाही.

तिसरी तपासणी : नावाची विचारणा कोणत्या दाराने?

संकेतस्थळ उघडण्यापूर्वी संगणक त्याच्या नावावरून आकडी पत्ता विचारतो. या विचारणेला डीएनएस म्हणतात. मजकूर प्रॉक्सीतून आणि विचारणा मात्र थेट लाइनवरून, असे झाले तर तुम्ही कोठे कोठे जाता याची यादी बाहेर पडते. पाकीट बंद आणि पत्ता ओरडून सांगितलेला, असा हा प्रकार. साध्या एचटीटीपी प्रॉक्सीत ब्राउझर नाव तसेच प्रॉक्सीला देतो व विचारणा प्रॉक्सी करतो. सॉक्स प्रकारच्या प्रॉक्सीत मात्र ते मांडणीवर अवलंबून असते. फायरफॉक्समध्ये 'सॉक्स व्ही ५' वापरताना डीएनएसही प्रॉक्सीतून न्यावे असा स्वतंत्र पर्याय आहे. तो पाहून घ्यावा. डीएनएस गळती तपासणारी संकेतस्थळे मोफत आहेत. त्यांवरच वेबआरटीसी व आयपीव्ही ६ यांचीही गळती दिसते. व्हिडिओ बोलण्यासाठी असलेली वेबआरटीसीची सोय कधी कधी प्रॉक्सी टाळून खरा पत्ता उघड करते.

चौथी तपासणी : चिठ्ठी कोण वाचतो?

ही सर्वांत महत्त्वाची. संकेतस्थळाचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर मजकूर कुलूपबंद असतो. प्रामाणिक प्रॉक्सीला फक्त संकेतस्थळाचे नाव कळते, आतला पासवर्ड नाही. परंतु तुमच्या संगणकात प्रॉक्सीचे स्वतःचे 'मूळ प्रमाणपत्र' बसवलेले असेल, तर तो कुलूप मध्येच उघडतो, वाचतो, आणि आपले कुलूप लावून पुढे देतो. ब्राउझरला यात काही वावगे दिसत नाही.

म्हणून बँकेचे पान उघडल्यावर पत्त्याशेजारील चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र पाहावे. ते कोणी दिले, ही ओळ वाचावी. नंतर मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर तेच पान उघडून तीच ओळ पाहावी. कार्यालयातील संगणकावर जागतिक प्रमाणपत्र संस्थेऐवजी प्रॉक्सीचे, अँटीव्हायरसचे किंवा कोणत्याही अनोळखी कंपनीचे नाव दिसले, तर मध्ये वाचणारा आहे हे नक्की. मोठ्या कंपन्या विषाणू पकडण्यासाठी हे जाणूनबुजून करतात. मालकाला ते माहीत असावे आणि बँकेची संकेतस्थळे त्यातून वगळलेली असावीत. कोणी केले हे कळत नसेल, तर त्या संगणकावरून पैशाचे काम ताबडतोब थांबवावे. आणि प्रमाणपत्राचा इशारा आला असता 'तरीही पुढे जा' हे बटण कोणीही दाबू नये, असा कार्यालयात सक्त नियम असावा.

पाचवी तपासणी : तुमच्यापासून प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता

पुष्कळ प्रॉक्सी नाव व पासवर्ड मागतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण साध्या जोडणीत हा पासवर्ड केवळ अक्षरे बदलून जातो, कुलूपबंद होऊन नव्हे. वाटेत ऐकणारा तो सहज वाचू शकतो. कार्यालयाच्या चार भिंतींत हे चालून जाईल. पण घरून किंवा प्रवासात त्याच प्रॉक्सीला जोडायचे असेल तर टीएलएसने कुलूपबंद केलेली जोडणी किंवा व्हीपीएन घ्यावे.

सहावी तपासणी : आपले दार परक्यासाठी उघडे तर नाही?

कार्यालयाबाहेर, मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप जोडावा आणि प्रॉक्सी म्हणून कार्यालयाचा बाहेरून दिसणारा आयपी पत्ता भरावा. दार क्रमांक बहुधा ३१२८, ८०८० किंवा १०८० असतो. पासवर्डशिवाय पान उघडले, तर तुमचा प्रॉक्सी सार्वजनिक पाणपोई झाला आहे. त्यातून कोणी फसवणूक केली तर नोंदीत पत्ता तुमच्या कार्यालयाचा येईल आणि पोलिसांची पहिली विचारणाही तुमच्याकडेच होईल. ही तपासणी फक्त आपल्या स्वतःच्या प्रॉक्सीवर करावी. दुसऱ्याचे दार ढकलून पाहणे हा गुन्हा ठरू शकतो.

आकडे काय सांगतात?

प्रॉक्सी अडला की पडद्यावर आकडा येतो. ४०७ म्हणजे प्रॉक्सी नाव-पासवर्ड मागतो आहे. ४०३ म्हणजे परवानगी नाही. ५०२ म्हणजे पुढील संकेतस्थळाकडून योग्य उत्तर आले नाही. ५०४ म्हणजे वाट पाहून वेळ संपली. पहिले दोन बहुधा आपल्या मांडणीतले, पुढचे दोन बहुधा पलीकडचे किंवा मधल्या रस्त्याचे. प्रमाणपत्राच्या तक्रारी एकाएकी सर्वत्र येऊ लागल्या तर आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. तारीख चुकली की चांगले प्रमाणपत्रही बाद ठरते.

फुकटचा प्रॉक्सी कोणाचा?

इंटरनेटवर फुकट प्रॉक्सींच्या याद्या मिळतात. त्या यंत्राचे भाडे आणि वीज कोणीतरी भरतो आहे. तो तुमच्याकडून पैसे घेत नसेल, तर माल दुसरा काही आहे, आणि तो माल बहुधा तुमची माहिती हाच असतो. अशा वाटेने बँक, आयकर, जीएसटी किंवा गिऱ्हाइकाची कागदपत्रे कदापि नेऊ नयेत.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांनी यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवाव्यात असे सांगितले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीचे योग्य रक्षण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्याला यातील काय व केव्हापासून लागू होते, हे आपल्या सल्लागाराला विचारून घ्यावे.

व्यापारी बंधूंना आमची सूचना एवढीच की या सहा तपासण्या एका कागदावर लिहून संगणकाशेजारी लावाव्यात. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, आणि प्रॉक्सी, राउटर किंवा माणूस बदलला त्या दिवशी, त्या करून तारीख व सही टाकावी. आणि एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर एकमेकांना दोष देण्यात वेळ न घालवता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे. पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवता आला तरच तो परत मिळण्याची आशा असते.