दहावीनंतरची उडी

बेळगावजवळच्या पिरनवाडीत मी मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवते. दहावीपर्यंत पोरी भिंगं, आरसे, विद्युतमंडल सगळं पेलतात. पुढं पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, सायन्स मात्र इंग्रजीत; तिथं त्या बिचकतात आणि आर्ट्‌सचा फॉर्म भरून मोकळ्या होतात. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मोठं आवार इथून जवळच, मच्छे गावाशी. पण आत काय शिकवतात हे घरी कुणाला ठाऊक असतं?

म्हणून आम्ही प्रयोग शाळेत नाही, देवळापुढं मांडतो. तेही संध्याकाळी, उद्यमबागेतल्या कारखान्यांची पाळी सुटल्यावर. ग्लासात काकवी, पाणी, तेल ओतलं की थर का होतात, यावर फौंड्रीत राबणारे बाप मुलांपेक्षा जास्त वाद घालतात! मग आया हळूच विचारतात, “बाई, फी किती? बसपास मिळतो का?” खरा कार्यक्रम तोच.

हे काही नवं नाही. पुण्याची विज्ञानवाहिनी १९९५पासून बसमधली प्रयोगशाळा खेड्यापाड्यांत नेते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे प्रा. वि. गो. कुलकर्णी यांनी मुंबईत महापालिका शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम केलं. भाषेचा अडसर काढला तर मुलं पुढं जातात, हे दाखवलं.

बेळगावात सायन्स शिकणाऱ्या ताई-दादांनो, दहावीच्या निकालाआधी एक संध्याकाळ आमच्या गल्लीत या. भाषण नको, पहिल्या वर्षी इंग्रजीशी कसं झुंजलात, तेवढं सांगा.