चोराचे नव्हे, चोरीच्या कारणाचे शास्त्र



नवरात्राच्या सुमारास एका गावी गेलो होतो. कपाशीवर लाल्या आला म्हणून तात्यांनी बोलावले होते. शेत पाहून झाले, ओट्यावर चहा आला आणि तात्यांनी मनातली गोष्ट काढली. "साहेब, पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाय. पुढं गुन्हेगारीचं शिकायचं म्हणती. चोरा-दरोडेखोराचं शिकून काय करायचं? तुम्हीच सांगा तिला."

मुलगी दारातच उभी होती. म्हणाली, "काका, चोरी कशी करायची ते नाही शिकवत. चोरी का होते ते शिकवतात."

तिचे म्हणणे बरोबर होते. हाच प्रश्न उद्या तुमच्याही ओट्यावर येईल, म्हणून त्या दिवशी तात्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो.

लाल्याचेच उदाहरण घ्या. पान लाल दिसले की आपण पंप पाठीवर घेतो. पण पान लाल होण्याची कारणे अनेक. कोठे नत्र व मॅग्नेशियम कमी पडते, कोठे तुडतुडे रस शोषतात, कोठे पाणी साचते, कोठे रात्रीची थंडी बाधते. कारण न शोधता फवारले तर पैसा जातो आणि पान लालच राहते. गुन्ह्याचेही तसेच आहे. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम. गुन्हा का घडला, पुन्हा घडू नये म्हणून काय करावे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला कसे सावरावे, हे शोधणारे शास्त्र म्हणजे गुन्हेगारीशास्त्र.

या शास्त्रानेही आधी चुका केल्या. १८७६ साली लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने पुस्तक लिहिले. काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ती कवटीवरून, चेहऱ्यावरून ओळखता येतात, असे त्याचे म्हणणे. पुढे इंग्लंडमध्ये गोरिंग यांनी हजारो कैद्यांची मापे घेऊन इतर लोकांशी ताडून पाहिली. १९१३ साली त्यांनी दाखवून दिले की गुन्हेगाराचा असा वेगळा चेहरा नसतो. १९३९ साली अमेरिकेतील सदरलँड यांनी मांडले की गुन्हा माणूस संगतीत शिकतो, जशा इतर गोष्टी शिकतो. आपले वाडवडील हेच म्हणत आले : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

आपल्या देशात मात्र त्या चुकीच्या समजुतीने फार नुकसान केले. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आईच्या पोटातून येणारे मूलच गुन्हेगार ठरले. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण आपल्या मनातून गेला का?

गेला नव्हता, याचा मी साक्षीदार आहे. १९९९ साली याच गावात विहिरीवरची पाच एचपीची मोटार चोरीला गेली. मोटार तात्यांचीच. उसनवारी करून घेतलेली. गावाबाहेर एक पारधी कुटुंब पाल ठोकून राहत होते. कोणी पाहिले नव्हते, पुरावा नव्हता, तरी सगळा गाव तिकडे निघाला. पाल उपटले, भांडी फेकली. लेकरे रडत होती. मी त्या दिवशी कामानिमित्त गावातच होतो आणि गर्दीमागे उभा होतो. बी.एस्सी. झालेला सरकारी माणूस, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. दोन महिन्यांनी मोटार तालुक्याच्या भंगारवाल्याकडे सापडली. विकणारा गावातलाच तरुण, मटक्याच्या नादाने कर्जात बुडालेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ते कुटुंब पुन्हा त्या शिवारात दिसले नाही. कारण शोधायला शिकलेला एखादा माणूस त्या दिवशी गर्दीपुढे उभा राहिला असता तर? लाल पानाचे कारण शोधणारा मी, माणसाच्या बाबतीत मात्र गर्दीबरोबर गप्प राहिलो.

हे बोलून झाल्यावर तात्या बराच वेळ खाली पाहत होते.

आता कामाची माहिती. गुन्हेगारीशास्त्राचा एम.ए. दोन वर्षांचा असतो. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली ती सुरू झाली. तेथे समाजकार्याच्या अंगाने हा विषय शिकवतात. विद्यार्थ्यांना तुरुंग, न्यायालय, मुलांचे निरीक्षणगृह अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम करावे लागते. याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांना कायद्याची मदत मिळवून देण्याचे आणि सुटल्यावर पायावर उभे करण्याचे काम करतो. गुजरातेत गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. तेथेही हा विषय आहे.

येथे एक घोटाळा टाळावा. रक्त, बोटांचे ठसे, विष तपासणे हे न्यायसहायक विज्ञान, म्हणजे आपण फॉरेन्सिक म्हणतो ते. त्याला विज्ञानाची पदवी लागते. तात्यांच्या मुलीने निवडलेला विषय त्याहून वेगळा. त्यात कायदा, मानसशास्त्र, समाजशास्त्र, आकडेवारीचा अभ्यास, बालन्याय आणि पीडितांचे प्रश्न येतात.

नोकरीचे खरे तेच सांगतो. हा एम.ए. केला की फौजदार होत नाही. त्याची स्पर्धा परीक्षा वेगळी, आणि तिला साधी पदवीही पुरते. या शिक्षणाचा उपयोग होतो तो परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृहे, तुरुंगातील कल्याणकामे आणि स्वयंसेवी संस्था येथे. नेट परीक्षेतही हा विषय आहे, तेव्हा प्राध्यापकीची वाट आहे. जागा थोड्या असतात, पहिल्याच वर्षी मोठा पगार मिळेल अशी आशा धरू नये. जमीन गहाण टाकून तर मुळीच शिकवू नये. शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी. महाडीबीटी आपल्याला ठिबकच्या अर्जामुळे माहीत आहे, तेथेच मुलांच्या शिष्यवृत्तीचेही अर्ज असतात. कोणती लागू होते, वसतिगृह मिळते का, हे त्या त्या संस्थेत विचारावे. प्रवेश परीक्षांची चौकशी दिवाळीच्या सुमारासच सुरू करावी. पेरणीच्या दिवशी बियाणे शोधत फिरू नये.

काम मात्र वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, गुन्हा पहिलाच आणि माल परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा त्यात आहे. अशी शिक्षा माणूस सुधारून गेली की नुसती उरकली गेली, हे पाहायला या शास्त्राची जाणकार माणसे लागतील.

आणि माणूस सुधारतो याचा दाखला आपल्याच मातीत आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात १९३९ साली तेथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. याच प्रयोगावरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. ज्या हातांनी गुन्हा केला त्याच हातांनी पीक काढले, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

मी निघालो तेव्हा तात्या बांधापर्यंत आले. म्हणाले, "साहेब, त्या पालातल्या लेकरांचं कोणी शिकलेलं असतं तर बरं झालं असतं." मग थोडे थांबून म्हणाले, "मुंबईला वसतिगृह मिळतं का, तेवढं बघा."

तुमच्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने असे काही वेगळे शिकायचे म्हटले, तर नाही म्हणण्याआधी ते काय आहे एवढे विचारून घ्या. आधी कारण शोधावे, मग औषध. शेतात जे पाळतो ते घरातही पाळू या.